लघवीतलं रक्त आपोआप थांबलं, तरी दाखवायचं का?

भांडुपच्या एका ताईंनी विचारलं आहे. वडील ६८ वर्षांचे. तरुणपणी लालबागच्या एका गिरणीत रंगखात्यात सात वर्षं होते. १९८२ च्या संपात काम गेलं ते गेलंच, पुढे सोसायट्यांमध्ये वॉचमनची नोकरी केली. बिडी चाळीस वर्षं ओढली, पाच वर्षांपूर्वी हृदयाला स्टेंट बसला तेव्हा सोडली. तीन आठवड्यांपूर्वी एकाच दिवसात दोनदा लघवी लालभडक झाली. दुखलं नाही, जळजळ नाही, ताप नाही. दुसऱ्या दिवशी लघवी स्वच्छ. घरात सगळे म्हणाले, उन्हाळी लागली असेल. धने-जिऱ्याचं पाणी, सब्जा, नारळपाणी सुरू झालं. जवळच्या डॉक्टरांनी सोनोग्राफी करून घेतली, ती नॉर्मल आली. "रक्त पातळ व्हायच्या गोळ्या चालू आहेत, त्यानेच असेल," असं ते म्हणाले. वडील ठणठणीत आहेत आणि पुन्हा दवाखान्याची पायरी चढायला तयार नाहीत. तर रक्त थांबलंय, सोनोग्राफी चांगली आहे, मग अजून पुढे जायचं का? जाता जाता ताईंनी आईचंही लिहिलंय: वरचेवर जळजळ, मधूनच गुलाबी लघवी, वर्षभरात अँटिबायोटिकचे चार कोर्स.

ताई, वडिलांना दाखवायचंच, आणि याच आठवड्यात. आईचंही बघायचं आहे, पण आधी वडिलांचं बोलतो.

मी मुंबईत २८ वर्षं मूत्ररोगतज्ज्ञ म्हणून काम करतोय, त्यातली बरीच महापालिकेच्या रुग्णालयात गेली. "डॉक्टर, एकदाच आलं होतं हो, मग थांबलं" हे वाक्य या काळात इतक्यांदा ऐकलंय की ते ऐकताच मी हातातलं काम बाजूला ठेवतो. लघवीतून रक्त येणं हा रोग नाही, ती खूण आहे, आणि या खुणेचा स्वभावच असा की ती दिसते आणि गायब होते. मूत्राशयात, म्हणजे लघवीच्या पिशवीत, गाठ असेल तर ती बहुतेक वेळा आतल्या अस्तरावर शेवाळासारखी, बारीक तुऱ्यांची वाढलेली असते. तुऱ्यांचं टोक तुटलं की रक्त येतं. तिथे खपली धरली की थांबतं. पुढची खेप महिन्याने येईल, कधी सहा महिन्यांनीही. गाठ मधल्या काळात जागेवरच असते आणि वाढत असते. धने-जिऱ्याचं पाणी प्यायलं आणि दुसऱ्या दिवशी लघवी स्वच्छ झाली, यात त्या पाण्याचा हात नसतो, पण श्रेय त्यालाच जातं. मग माणूस निश्चिंत होतो, आणि आम्हाला खरी भीती या निश्चिंतपणाचीच वाटते.

दुखलं नाही याचा तुम्हा सगळ्यांना धीर वाटतोय. माझं उलट आहे. मुतखड्याचं रक्त बहुधा कळा घेऊन येतं, जंतुसंसर्गाचं जळजळ घेऊन येतं. काहीही न दुखता, भरपूर, अचानक लाल लघवी होणं, तेही पन्नाशी-साठी ओलांडलेल्या आणि बिडी ओढलेल्या माणसाला, हे ऐकलं की तपासणी पूर्ण होईपर्यंत आम्ही कर्करोग धरूनच चालतो. याचा अर्थ वडिलांना तो आहेच असा नाही. डोळ्यांना दिसणारं रक्त घेऊन आलेल्या मोठ्या माणसांत साधारण दहापैकी एकाला किंवा त्याहून काहीशा अधिक जणांना कर्करोग निघतो. म्हणजे बहुसंख्यांना तो नसतो. प्रोस्टेट, म्हणजे पुरुषांच्या मूत्राशयाखालची ग्रंथी, वाढलेलं असतं, खडा असतो, संसर्ग असतो, कधी सगळ्या तपासण्या करूनही काहीच सापडत नाही. पण दहात एक हे प्रमाण अंदाजावर सोडून देण्याइतकं लहान नाही. ब्रिटनमध्ये ४५ वर्षं किंवा त्याहून मोठ्या माणसाला संसर्गाशिवाय लाल लघवी झाली, तर ती एकदाच झालेली असली तरी तातडीने तज्ज्ञाकडे पाठवायचा नियम आहे. तुमच्या वडिलांचं वय त्या रेषेच्या कितीतरी पुढे आहे.

आता रंगखात्याबद्दल. हे तुम्ही लिहिलंत ते फार चांगलं केलंत, कारण दवाखान्यात हे फारसं कोणी विचारत नाही. जर्मन सर्जन लुडविग रेन यांनी १८९५ साली ॲनिलीन रंगांच्या कारखान्यातल्या कामगारांमध्ये मूत्राशयाच्या गाठी दाखवून दिल्या, तेव्हापासून हे नातं माहीत आहे. काही रंगांमधली ॲरोमॅटिक अमाइन नावाची रसायनं श्वासातून आणि कातडीतून शरीरात जातात, मूत्रपिंडं ती गाळून लघवीत टाकतात, आणि मग ती लघवी तासन् तास पिशवीच्या अस्तराला लागून राहते. बेन्झिडीनपासून बनणारे रंग आपल्याकडे १९९० च्या दशकात बंद झाले, वडिलांची नोकरी त्याआधीची. आणि या रोगाचं चक्र सावकाश फिरतं. संपर्क आणि गाठ यांत वीस-तीस वर्षांचं, कधी त्याहूनही जास्त अंतर असतं. गिरणी बंद पडली, खातं गेलं, चिमणी पाडून तिथे टॉवर उभा राहिला, तरी अस्तराने जे सोसलं ते पुसलं जात नाही. म्हणून केस पेपरवर "निवृत्त वॉचमन" एवढंच लिहून घेऊ देऊ नका. रंगखातं, किती वर्षं, हे आपणहून सांगा. रबर, कातडी कमावणं, छपाई, रंगकाम यांत आयुष्य गेलेल्या प्रत्येकाने हे सांगायला हवं.

बिडीचं तर काय सांगू. लोकांना तंबाखू म्हटलं की तोंड आणि फुप्फुस आठवतं. पण मूत्राशयाच्या कर्करोगांपैकी जवळजवळ निम्म्यांच्या मागे धूम्रपान असतं. त्या धुरातही तीच अमाइन कुळातली रसायनं असतात आणि त्यांची वाटही तीच, रक्तातून मूत्रपिंडात, तिथून पिशवीत. सोडल्यावर धोका उतरत जातो, म्हणून वडिलांनी बिडी सोडली हे उत्तमच झालं. पण पाच वर्षांत चाळीस वर्षांचा हिशेब मिटत नाही.

सोनोग्राफीचा रिपोर्ट काढून पुन्हा वाचा. मूत्राशयाच्या ओळीत "अर्धवट भरलेलं" अशा अर्थाचे शब्द आहेत का पाहा. मुंबईत हे हटकून होतं: ट्रेन, रिक्षा, रांग, तास दीड तास थांबणं, म्हातारा माणूस कंटाळून लघवीला जाऊन येतो आणि तशीच तपासणी उरकली जाते. रिकामी पिशवी चुरगाळलेल्या फुग्यासारखी असते, तिच्या घड्यांमध्ये सुपारीएवढी गाठही लपू शकते. पिशवी नीट भरलेली असली तरी अगदी लहान किंवा अस्तराला चिकटून चपटी पसरलेली गाठ सोनोग्राफीत दिसत नाही. मूत्रपिंडाचा आकार, सूज, खडे, प्रोस्टेटची वाढ, लघवी करून झाल्यावर मागे किती उरते, हे सगळं सोनोग्राफी छान दाखवते. अस्तर बघायला मात्र आत डोळा घालावा लागतो. त्यामुळे लाल लघवीनंतरची "सोनोग्राफी नॉर्मल" म्हणजे तपासणीची सुरुवात झाली, इतकंच समजा.

रक्त पातळ करायच्या गोळ्यांवर दोष टाकणं सोपं असतं आणि ते पुष्कळदा चुकीचं असतं. ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफरिन किंवा ॲसिट्रोम या गोळ्या निरोगी अस्तरातून उगाच रक्त काढत नाहीत. आत काही नाजूक, दुखावलेलं असेल तर ते लवकर आणि जास्त वाहतं, एवढंच. मी तर याकडे उपकार म्हणून पाहतो: गोळ्या नसत्या तर तीच गाठ आणखी सहा महिने गप्प बसली असती. म्हणून या गोळ्या घेणाऱ्याचीही तपासणी इतरांइतकीच पूर्ण व्हायला हवी. आणि कळकळीने सांगतो, घाबरून त्या गोळ्या स्वतःच बंद करू नका. स्टेंट असलेल्या माणसाने गोळी अचानक थांबवली तर स्टेंटमध्ये गुठळी धरून हृदयविकाराचा झटका येऊ शकतो. लघवीतल्या रक्तापेक्षा ते कितीतरी भयंकर. गोळी थांबवायची की नाही हे हृदयाचे डॉक्टर आणि आम्ही बोलून ठरवू. वॉरफरिन किंवा ॲसिट्रोम चालू असेल तर आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ झालंय ते दाखवणारी रक्तचाचणी, ताबडतोब तपासा.

मी वडिलांना काय विचारीन ते सांगतो, घरीच विचारून ठेवा. रक्त लघवीच्या सुरुवातीला होतं, शेवटच्या थेंबांना, की अथपासून इतिपर्यंत? सुरुवातीचं बहुधा मूत्रमार्गातलं, शेवटचं पिशवीच्या तोंडाचं किंवा प्रोस्टेटचं, आणि अखंड लाल असेल तर पिशवी किंवा मूत्रपिंड. गुठळ्या होत्या का? गांडुळासारख्या लांबट गुठळ्या मूत्रपिंडाकडून नळीवाटे उतरताना तो आकार घेतात, वेड्यावाकड्या जाडसर गुठळ्या पिशवीतल्या. रात्री किती वेळा उठतात, धार बारीक झाली आहे का, वजन घटलंय का. रंग किती गडद होता यावरून मात्र काही ठरवू नका. लिटरभर लघवीत एक मिलिलिटर रक्त मिसळलं तरी रंग दिसतो. फिकट गुलाबी लघवीमागे मोठी गाठ निघाली आहे आणि लालभडक लघवीमागे साधं फुगलेलं प्रोस्टेट.

ते खरंच रक्तच होतं का, हा प्रश्नही रास्त आहे. बीट खाल्लं की काहींना लाल लघवी होते. क्षयाच्या औषधांतलं रिफॅम्पिसिन लघवी नारिंगी-लाल करतं, घाम आणि अश्रूसुद्धा. जळजळीवर देतात ती पायरिडियमची गोळी भगवी लघवी करते. हे पडताळायला साधी लघवीची तपासणी पुरते, पण ती सूक्ष्मदर्शकाखाली झालेली हवी. नुसती पट्टी बुडवून "रक्त आहे" म्हणणं अपुरं, कारण स्नायू चिरडले गेल्यावर किंवा रक्तपेशी शरीरात फुटल्यावर जे द्रव्य लघवीत उतरतं त्यानेही पट्टीचा रंग बदलतो. सुरुवातीची थोडी लघवी सोडून मधली घ्या आणि तासाभरात लॅबमध्ये पोचवा; बाटली दुपारभर हातातल्या पिशवीत फिरली तर पेशी विरघळून जातात. आता तीन आठवड्यांनी लघवीत रक्तपेशी दिसल्या नाहीत तरी वडिलांच्या बाबतीत माझा सल्ला बदलत नाही. जे डोळ्यांनी दिसलं ते दिसलं. पुन्हा झालं तर काचेच्या ग्लासात घेऊन उजेडात मोबाइलवर फोटो काढा. चाळीतल्या सामाईक संडासात पिवळ्या दिव्याखाली रंग कळतच नाही. कितीतरी पुरुषांची पहिली खेप अशीच नजरेतून सुटत असणार.

आता खरी अडचण, म्हणजे वडिलांची भीती. पुढे दोन तपासण्या लागतील. एक सीटी स्कॅन, ज्यात शिरेतून औषध देऊन मूत्रपिंडं, नळ्या आणि पिशवी पाहतात. त्याआधी रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडं कशी चालतात ते दाखवणारा आकडा, तपासावं लागतं, आणि मधुमेहाची गोळी चालू असेल तर तसं सांगावं लागतं. दुसरी, दुर्बिणीची तपासणी, सिस्टोस्कोपी. हिच्याच नावाने लोक पळतात. पुरुष मला सांगतात, "डॉक्टर, तिथून नळी घालणार? त्यापेक्षा मेलेलं बरं." त्यांची लाज आणि भीती मला समजते, त्यात हसण्यासारखं काही नाही. म्हणून नेमकं काय होतं ते सांगतो. वाकणारी, पेन्सिलीपेक्षा बारीक दुर्बीण असते. आधी बधीर करणारी जेली मूत्रमार्गात सोडतात आणि काही मिनिटं थांबतात. माणूस जागा असतो, हवं तर पडद्यावर स्वतःची पिशवी पाहू शकतो. आत पाणी सोडल्यावर लघवीची घाई झाल्यासारखं वाटतं, प्रोस्टेटपाशी क्षणभर टोचतं, तेव्हा पायांची बोटं हलवा आणि लघवी करताना सोडतो तसं अंग सैल सोडा असं आम्ही सांगतो. पाच-दहा मिनिटांत काम होतं. एक-दोन दिवस लघवीला जळजळतं, थोडी गुलाबी होते. त्याच दिवशी माणूस ट्रेनने घरी जातो. ॲस्पिरिनवर असलेल्यांचीही ही तपासणी बहुधा गोळी न थांबवता करता येते.

समजा गाठ दिसलीच, तर पुढे काय, हे वडिलांना आत्ताच सांगा, कारण न जाण्याचं मूळ तिथे असतं. नव्याने सापडणाऱ्या मूत्राशयाच्या कर्करोगांपैकी साधारण चारात तीन अस्तरापुरते असतात, खालच्या स्नायूत शिरलेले नसतात. अशी गाठ कमरेखाली भूल देऊन दुर्बिणीतूनच खरवडून काढतात, पोटावर टाका नाही. ती परत यायची सवय असलेली असते, म्हणून ठरावीक काळाने दुर्बीण घालून बघत राहावं लागतं. काहींना पिशवीत औषध सोडतात, त्यात एक औषध म्हणजे आपल्या सगळ्यांच्या दंडावर खूण ठेवून गेलेली तीच बीसीजी. १९७० च्या दशकापासून ती यासाठी वापरात आहे. पण गाठ स्नायूत उतरली की गोष्ट बदलते. मग किमोथेरपी, अख्खी पिशवी काढून आतड्यातून लघवीला नवी वाट करून देणं किंवा रेडिएशन, असले मोठे उपचार येतात. या दोन गोष्टींमधलं अंतर अनेकदा काही महिन्यांचं असतं. एक गृहस्थ असेच, गिरणीतलेच, पहिल्या लाल लघवीनंतर चौदा महिन्यांनी माझ्याकडे आले. मधल्या काळात चार वेळा रक्त येऊन थांबलं होतं आणि प्रत्येक वेळी घरचे सुटकेचा श्वास टाकत होते. त्यांची पिशवी काढावी लागली. ते चौदा महिने मला अजून टोचतात, म्हणूनच इतकं सविस्तर लिहितोय.

आता आई. बायकांच्या बाबतीत एक अन्याय सर्रास होतो: रक्त दिसलं की "इन्फेक्शन" म्हणून गोळ्या देऊन पाठवायचं, आणि रजोनिवृत्तीच्या आसपासचं वय असेल तर "पाळीचं असेल" म्हणायचं. त्यामुळे बायकांमध्ये मूत्राशयाचा कर्करोग पुरुषांपेक्षा कमी असूनही सापडतो तो उशिरा. जळजळ, घाई, ओटीपोटात कळ आणि गुलाबी लघवी हे संसर्गाचं चित्र आहेच, आणि मुंबईतल्या बायकांना ते होण्याची कारणंही उघड आहेत. कामाच्या ठिकाणी स्वच्छ संडास नाही म्हणून सकाळपासून पाणीच न पिणं, ठाण्याहून सीएसएमटीपर्यंत आणि परत लघवी धरून ठेवणं. पण गोळी सुरू करण्याआधी लघवीचं कल्चर, म्हणजे त्यातले जंतू वाढवून बघायची तपासणी, व्हायला हवं, आणि कोर्स संपल्यावर दोन-तीन आठवड्यांनी लघवी पुन्हा तपासून रक्तपेशी गेल्या का हे पाहायला हवं. आईंच्या चार कोर्समध्ये किती वेळा कल्चर झालं? त्यात खरंच जंतू वाढले होते का? ते रिपोर्ट शोधा.

हे विचारण्यामागे एक कारण आहे. लघवीत पू भरपूर, रक्त थोडं, आणि कल्चर मात्र दरवेळी कोरं, असं असेल तर मुंबईत पहिला संशय क्षयाचा घ्यायचा. क्षय फुप्फुसातून रक्तावाटे मूत्रपिंडात उतरून वर्षानुवर्षं दबून राहतो, तेव्हा खोकला असेलच असं नाही. नेहमीच्या कल्चरमध्ये तो जंतू वाढत नाही. आणि लघवीच्या संसर्गावर सढळ हाताने दिल्या जाणाऱ्या काही गोळ्या त्याला अर्धवट दाबतात, म्हणून बाईला आठवडाभर बरं वाटतं आणि निदान आणखी मागे पडतं. इकडे पिशवी आक्रसत जाते. दर अर्ध्या तासाने लघवीला पळावं लागतं. निवासी डॉक्टर असताना मी स्वतः एका बाईंना असे तीन कोर्स दिले होते. चौथ्या वेळी एका वरिष्ठ परिचारिकेने मला विचारलं, "यांचं सकाळचं पहिलं लघवीचं सँपल क्षयासाठी पाठवलंय का?" पाठवलं नव्हतं. तोवर एक मूत्रपिंड निकामी झालं होतं. सलग तीन दिवस सकाळच्या पहिल्या लघवीचे नमुने आणि त्यातल्या क्षयाच्या जंतूची जनुकीय चाचणी, एवढं आईंचं कल्चर कोरं असेल तर आग्रहाने करून घ्या. निदान झालं तर उपचार सरकारी केंद्रात मोफत मिळतात. आणि गुलाबी रंग नक्की लघवीतून येतो की योनीमार्गातून, हे स्त्रीरोगतज्ज्ञांकडून एकदा पाहून घ्या. पाळी बंद झाल्यावर तिथून आलेलं रक्तही तितकंच महत्त्वाचं.

मुतखड्याबद्दल थोडंच. कमरेपासून जांघेत उतरणारी, माणसाला एका जागी बसू न देणारी कळ आणि लाल लघवी. पाच मिलिमीटरच्या आतले खडे बरेचदा आपणहून पडतात. कुळथाचं कढण प्यायला हरकत नाही, पण दहा मिलिमीटरचा खडा त्याने विरघळत नाही. आणि कळ थांबली म्हणजे खडा पडला असं धरू नका. तो नळीत अडकून राहतो, मूत्रपिंड मागे फुगत जातं, कळही बंद होते, आणि काही महिन्यांत ते मूत्रपिंड मुकाट्याने निकामी होतं. खडा पडताना दिसला नसेल तर सोनोग्राफी पुन्हा करा.

लघवी चहा-कोलासारखी तपकिरी असेल, फेस येत असेल, पायावर-चेहऱ्यावर सूज, रक्तदाब वाढलेला, तर दोष मूत्रपिंडाच्या गाळणीत आहे. मुलांमध्ये घसा दुखून गेल्यावर एक ते तीन आठवड्यांनी असं होतं. तरुणांमध्ये सर्दी-घशाबरोबरच एक-दोन दिवसांत झालं तर आयजीए नावाचा मूत्रपिंडाचा विकार आठवावा लागतो. अशांना आमच्यापेक्षा नेफ्रॉलॉजिस्टची, म्हणजे मूत्रपिंडाच्या विकारांच्या डॉक्टरांची, गरज असते. पावसाळ्यात ताप, पोटऱ्यांत ठणका, डोळे लाल आणि लघवी गडद किंवा कमी झाली तर लेप्टो, म्हणजे साचलेल्या घाण पाण्यातून होणारा लेप्टोस्पायरोसिस. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर या शहराने तो फार जवळून पाहिलाय. तिथे एक दिवसही थांबायचं नाही. आफ्रिकेत नोकरीला राहून तिथल्या तळ्या-नद्यांत उतरलेल्यांनी तेही सांगावं, कारण शिस्टोसोमा नावाचा कृमी पिशवीत अंडी घालून रक्त काढतो. आपल्याकडे तो जवळजवळ नाही, पण १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी गावात असे रुग्ण नोंदले गेले होते. मॅरेथॉन धावल्यावर लाल लघवी झालेले तरुणही येतात. दोन-तीन दिवस विश्रांतीनंतर तपासून ती पूर्ण स्वच्छ असेल तर बहुधा काळजी नसते.

ओपीडीची वाट न पाहता रात्री-अपरात्री निघायचं ते असं. गुठळ्या जाऊन लघवी अडली, ओटीपोट फुगून दुखतंय. इथे जाड तीन तोंडांची नळी घालून पिशवी धुवावी लागते, घरगुती इलाज नाही. रक्ताबरोबर थंडी वाजून ताप आणि कमरेत दुखणं, त्यातही खडा माहीत असेल तर, कारण अडलेल्या मूत्रपिंडात पू झाला तर काही तासांत जिवावर बेततं. चक्कर, घाम, अंग गार पडणं. अपघात किंवा पडल्यानंतरची लाल लघवी. लघवी होणंच थांबणं. गरोदरपणात रक्त दिसणं. १०८ ला फोन करा किंवा टॅक्सी पकडा, पण निघा.

तुमच्या वडिलांसाठी यातलं काही आज नाही, त्यामुळे धावपळ नको, पण तारीख ठरवा. केईएम, सायन, नायर, जे.जे. या रुग्णालयांत मूत्ररोग विभाग आहेत. भांडुपहून सायन सोयीचं. बाह्यरुग्ण विभागाचा वार आधी विचारून घ्या, सकाळी लवकर पोचा. शस्त्रक्रियेची वेळ आली तर महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत मूत्ररोगाच्या शस्त्रक्रिया आहेत. रेशनकार्ड आणि आधार घेऊन रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटा. कर्करोग निश्चित झाला तर परळचं टाटा मेमोरियल आहेच.

बरोबर काय न्यायचं: सोनोग्राफीचा रिपोर्ट आणि फिल्म दोन्ही, स्टेंटची फाइल, चालू असलेल्या गोळ्यांची पाकिटंच, नुसती नावं नकोत. क्रिएटिनिन, साखर, हिमोग्लोबिन आणि लघवीची तपासणी आधीच करून घेतलीत तर एक खेप वाचेल. तोवर पाणी नेहमीसारखं पिऊ द्या. हृदयाच्या डॉक्टरांनी पाण्यावर मर्यादा घातली असेल तर ती पाळा. घरात उरलेली अँटिबायोटिक देऊ नका, वेदनाशामक गोळ्याही विचारल्याशिवाय नकोत.

वडील नाहीच म्हणाले तर दुर्बिणीचं नाव पहिल्या दिवशी काढू नका. नुसतं भेटायला या म्हणावं, आणि रंगखात्यातल्या दिवसांबद्दल डॉक्टरांना सांगायचंय म्हणावं. माझा अनुभव आहे, गिरणीतला माणूस खात्याबद्दल बोलायला लागला की मोकळा होतो. कुठल्या टाकीवर उभा होता, हात कोपरापर्यंत कसे रंगायचे, सगळं सांगतो. माझ्याकडचे बरेचसे तपासणीला तयार झाले ते हे सांगता सांगताच.